पहिल्या दिवशी कोण काय पाहतं?

कावासाकीतल्या सार्वजनिक क्रीडा केंद्रात व्यायामाला जायचं तर बुटांचा दुसरा जोड सोबत न्यावा लागतो. रस्त्यावरचे बूट दारात काढायचे, आत वापरायचे स्वच्छ बूट घालायचे आणि मगच ट्रेनिंग रूममध्ये पाऊल टाकायचं. रोज येणाऱ्याला यात काहीच वाटत नाही. पण ज्याचं वजन शंभरीला टेकलंय, नाडी बांधायला वाकताना ज्याचं पोट आड येतं आणि जो आयुष्यात पहिल्यांदाच जिमच्या दारात आलाय, त्याला ही दोन मिनिटं संपता संपत नाहीत. आतून यंत्रांचा आवाज येतो, शेजारून कुणी सडसडीत माणूस सहज आत निघून जातो आणि आपला जीव वरखाली होतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं वाटत राहतं.

'त्यात काय घाबरायचं? बिनधास्त जा' असं म्हणून आपण या भीतीची बोळवण करतो. पण गेल्या साठ वर्षांत मानसशास्त्राने हीच भीती प्रयोगांत मांडून मोजली आहे, आणि शरीरशास्त्राने त्याच काळात कातडीआड काय चालतं ते उलगडलं आहे. हे दोन्ही शोध शेजारी शेजारी ठेवले की फार विलक्षण चित्र दिसतं. ज्या नजरांना आपण इतके भितो, त्यांना आपल्यातलं फारच थोडं दिसतं. आणि पहिल्या दिवशी शरीरात जे खरोखर घडतं, ते तर कुणालाच दिसत नाही, आरशात पाहणाऱ्या आपल्यालाही नाही.

बूट घालण्याचा प्रयोग

मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस यांनी 1978 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आलेल्या माणसांना सांगितलं जाई की खरा प्रयोग पुढे आहे, आधी एवढा पोशाख करा. पायातले बूट काढा, इथले मोजे आणि बूट घाला, मागून बांधायचा कोट चढवा. मग ते सगळं उतरवून पुन्हा आपले बूट घाला. खरा प्रयोग हाच होता. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे त्यांच्या नकळत मोजलं जात होतं. काहींनी हे एकट्याने केलं. काहींसमोर एक माणूस निरखून पाहत बसलेला होता. आणि काहींच्या खोलीत कोपऱ्यात एक जण पाठ करून कसलंसं यंत्र दुरुस्त करत होता.

कुणीतरी खोलीत आहे, एवढ्यानेच लोकांनी स्वतःचे बूट एकट्याने घातले असते त्याहून लवकर घातले. अनोळखी बूट आणि कोट घालायला मात्र त्यांना जास्त वेळ लागला. पाठ करून बसलेल्या माणसामुळेही असंच झालं!

रॉबर्ट झायन्स या शास्त्रज्ञाने 1965 मध्येच याचं कारण मांडलं होतं. माणसांच्या सान्निध्यात शरीर जागं होतं, उत्तेजित होतं, आणि त्या उत्तेजनेत जे अंगवळणी पडलेलं असेल तेच जोरात बाहेर येतं. सरावाचं काम असेल तर ते आणखी चांगलं होतं. नवं काम असेल तर त्यातल्या चुका वाढतात. 1982 मध्ये जेम्स मायकेल्स आणि सहकाऱ्यांनी हे बिलियर्डसारख्या पूल या खेळाच्या टेबलाशी तपासलं. चांगले खेळाडू एरवी शंभरातले 71 फटके साधत. चौघे जण जवळ येऊन पाहू लागल्यावर ते 80 साधू लागले. कच्चे खेळाडू एरवी 36 साधत, ते 25वर घसरले. पाहणारे तेच, टेबल तेच. फरक होता तो फक्त सरावाचा.

मला या आकड्यांत फार मोठा दिलासा दिसतो. जिममध्ये पहिल्या दिवशी होणारी फजिती, यंत्राची उंची न जमणं, उलट्या बाजूने बसणं, मोजणी विसरणं, याचा आपल्या जाडीशी काही संबंध नाही. तो नवखेपणाचा भाग आहे आणि सडपातळ नवख्यालाही चुकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आज ज्या नजरा आपल्याला मागे खेचतात, सराव झाल्यावर त्याच आपल्याला पुढे ढकलणार आहेत.

आपल्याकडच्या तालमींची रीत या नियमाला किती धरून आहे पाहा. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी अवघड डाव शिकवत नाही. हौद्यातली माती उकर, जोर मार, बैठका काढ. तेच ते, रोज. शरीर विचारायचं थांबेपर्यंत. मग कधीतरी तोच पोरगा शाहू महाराजांनी उभारलेल्या, 1912 पासूनच्या खासबाग मैदानात उतरतो, आणि हजारोंचा गलका त्याला घाबरवत नाही, त्याच्या अंगात बळ आणतो. झायन्सने जे सिद्धान्तात मांडलं, ते वस्तादांना अनुभवातून ठाऊक होतं.

कावासाकीत नव्याने जिमला जाणाऱ्याने यातून घेण्यासारखं एवढंच: पहिले काही आठवडे सगळी यंत्रं करून पाहण्याच्या फंदात पडू नये. तीन-चार यंत्रं निवडावीत, दर वेळी तीच, त्याच क्रमाने. गर्दी कधी कमी असते ते विचारून त्या वेळेला जावं. चार वेळा केलेली गोष्ट पाचव्या वेळी आपली होते.

किती लोक खरंच बघतात?

पण बघतात तर खरंच ना? याचंही उत्तर मोजलेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टीशर्ट घालायला दिला. त्या वयाच्या मुलांना असा शर्ट घालणं म्हणजे शरमेची गोष्ट. तो घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं नंतर विचारल्यावर शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जवळपास चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलं होतं.

कुणीच पाहत नाही, असं हा प्रयोग म्हणत नाही. काही जण पाहतात, पण आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच. आपण स्वतःला आतून, चोवीस तास आणि अगदी जवळून पाहतो. इतरांनाही आपण तितकेच ठळक दिसत असू, असं मन परस्पर धरून चालतं.

यावर कावासाकीत राहणारा मराठी माणूस म्हणेल, की माझं दुहेरी आहे. परदेशी म्हणून वेगळा दिसतो आणि जाड म्हणूनही. टोकियो आणि योकोहामाच्या मधल्या या पंधरा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात, ट्रेनमध्ये आजूबाजूला पाहिलं की सगळेच सडसडीत वाटतात, हेही खरं. बीएमआय 30च्या वर असलेली माणसं जपानमध्ये शंभरात पाचेकच. पण तिथे लठ्ठपणाची रेघ 25वर ओढलेली आहे, आणि 2019च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढ पुरुषांपैकी 33 टक्के त्या रेघेच्या वर होते. म्हणजे दर तीन पुरुषांत एक. ट्रेनिंग रूममध्ये शेजारच्या सायकलवर घाम गाळणारे काका बहुधा कंपनीच्या आरोग्य तपासणीचा कागद घरी ठेवूनच आलेले असतात.

नाभीपाशी धरलेली टेप

त्या तपासणीतच जपानी वैद्यकाची एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. 2008 पासून जपानमध्ये 40 ते 74 वयाच्या विमाधारकांची खास तपासणी होते. माणसाला सरळ उभं करतात, शांतपणे श्वास सोडायला सांगतात आणि नाभीच्या पातळीवर टेप धरतात. पुरुषांना 85 सेंटिमीटर आणि बायकांना 90 सेंटिमीटर ही मर्यादा. हे आकडे आले कुठून?

ओसाका विद्यापीठातले युजी मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात सीटी स्कॅन वापरून पोटातली चरबी मोजायला सुरुवात केली. नाभीपाशी घेतलेल्या आडव्या छेदात चरबीचे दोन साठे वेगवेगळे दिसतात: एक कातडीखाली आणि दुसरा आत, आतड्यांच्या भोवती. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी जवळचं नातं निघालं ते या आतल्या साठ्याचं. त्या छेदात आतल्या चरबीचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरच्या पुढे गेलं की धोके वाढताना दिसले. एवढ्या आतल्या चरबीला पुरुषांचा घेर साधारण 85 भरतो. बायकांमध्ये कातडीखालची चरबी जास्त असल्यामुळे तो 90 भरतो. म्हणजे ती टेप मोजू पाहते डोळ्यांना न दिसणारी गोष्ट.

आता याच संशोधकांनी सुमो पैलवानांचे स्कॅन केले तेव्हा काय दिसलं? एवढा अवाढव्य देह, पण चरबी बहुतांश कातडीखाली. आतड्यांभोवतीचा साठा त्या देहाच्या मानाने फारच थोडा. त्यांच्या रक्तातली साखरही बहुतेक ठीक. रोज पहाटेपासून जमिनीवर पाय आपटून केलेल्या कसरतीने त्या चरबीची जागाच बदलून टाकलेली होती. कुस्ती सोडल्यावर कसरत थांबली आणि खाणं तसंच राहिलं, तर मात्र हे संरक्षण टिकत नाही.

याची दुसरी बाजू पुण्यातून पुढे आली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. फोटो पाहून हा फरक कुणालाही सांगता आला नसता. भारतीय माणूस बारीक दिसत असतानाही आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवून दिलं.

लठ्ठपणा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. भारतीय पुरुषाने तर 90 सेंटिमीटरचा आणि बाईने 80चा घेर गांभीर्यानेच घ्यायला हवा. अर्थ एवढाच, की कुणाच्या शरीराकडे पाहून त्याच्या तब्येतीचा निवाडा करणारी नजर फार वेळा चुकते. अशा नजरेला घाबरून दारातून परत फिरायचं कशाला?

लेग प्रेसवरची पहिली पंधरा मिनिटं

आता आत जाऊ. लेग प्रेसचं यंत्र समोर आहे. टेकून बसायची खुर्ची, पायांसमोर एक रुंद पाटी, बाजूला एकावर एक रचलेल्या लोखंडी वजनांची चळत आणि त्यातल्या भोकात खुपसायची एक पिन. पिन वरून दुसऱ्या-तिसऱ्या वजनाला लावायची. तळवे पाटीवर टेकवायचे. श्वास सोडत पाटी ढकलायची, गुडघे पुरते ताठ होऊ द्यायचे नाहीत, आणि श्वास घेत सावकाश परत यायचं.

जाड माणसाने सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. ट्रेडमिलवर धावताना सांध्यांवर भार पडतो आणि दम लवकर लागतो. लेग प्रेसवर मात्र एक आश्चर्य त्याची वाट पाहत असतं. जास्त वजनाच्या माणसाच्या पायांनी ते वजन वर्षानुवर्षं जिन्यांवरून, फलाटांवरून, बाजारातून वाहिलेलं असतं. त्यामुळे एकूण ताकद मोजली तर त्यांच्या मांड्या पुष्कळदा सडपातळ माणसाच्या मांड्यांहून बळकट भरतात. नवखा म्हणून आलेला माणूस या एका यंत्रावर नवखा नसतो.

आणि पहिल्या दहा-बारा वेळा पाटी ढकलतानाच आत काय घडतं पाहा. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशीत शिरते ती ग्लुट-4 नावाच्या प्रथिनाच्या दारांतून. ही दारं एरवी पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनची किल्ली फिरली की ती पृष्ठभागावर येतात. टाइप 2 मधुमेहाकडे झुकलेल्या शरीरात ही किल्ली नीट फिरेनाशी होते. पण स्नायू आकुंचन पावला की तीच दारं वेगळ्याच वाटेने, किल्लीवाचून, आतून उघडतात! इन्सुलिन जिथे अडखळतं तिथेही ही दुसरी वाट बऱ्यापैकी शाबूत असते. शिवाय एकदा केलेल्या व्यायामानंतर पुढचा एखाद-दुसरा दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. वजनाचा काटा एक ग्रॅमही हललेला नसतो, घेर तोच असतो, आरशातलं रूपही तेच. पण त्या संध्याकाळी शरीर साखर वेगळ्या रीतीने हाताळत असतं.

ताकदीचंही असंच. तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डिव्हरीस यांनी 1979 मध्ये आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकाच हाताने वजन उचलण्याचा सराव केला. पहिल्या आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढली, पण स्नायू त्या मानाने वाढले नव्हते. वाढ झाली होती मज्जासंस्थेत. मेंदू आणि मज्जारज्जू त्याच स्नायूतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकले होते. याचा पुरावा म्हणजे, ज्या दुसऱ्या हाताने काहीच उचललं नव्हतं, त्याचीही ताकद वाढली! दंड फुगलेले दिसायला वेळ लागतो. पण 'मागच्या आठवड्यापेक्षा हलकं वाटलं' हा अनुभव दोन-तीन आठवड्यांतच येतो, आणि तो भास नसतो.

तिसरी गोष्ट अंग ठणकण्याची. पहिल्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पुष्कळ जण इथेच सोडून देतात. त्यांनी काझुनोरी नोसाका यांचं काम जाणून घ्यायला हवं. कावासाकीच्या शेजारच्याच योकोहामा सिटी विद्यापीठात असताना त्यांनी या दुखण्याचा अभ्यास केला. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी त्याच ताणाने खूप कमी दुखतो, आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवरच्या त्यांच्या प्रयोगांत हे संरक्षण काही बाबतींत सहा महिन्यांपर्यंत टिकलेलं दिसलं. म्हणजे पहिलं दुखणं हेच पुढच्या दुखण्यावरचं औषध. एवढंच, की ते माफक असावं. म्हणून पहिल्या दिवशी हाताला हलकं वाटेल इतकंच वजन घ्यावं आणि 'अजून जमलं असतं' असं वाटत असतानाच उठावं.

दाराच्या आत जाण्याची रीत

कावासाकीच्या सातही प्रभागांत सार्वजनिक क्रीडा केंद्रं आहेत. कावासाकी स्थानकापासून चालत जाता येईल असं, 2017 मध्ये उघडलेलं संस्कृती-क्रीडा केंद्र आहे. नाकाहारा प्रभागात तोदोरोकी अरेना आहे. इथल्या ट्रेनिंग रूमसाठी वर्षभराचे पैसे आधी भरावे लागत नाहीत. काही शे येन देऊन एका वेळेपुरतं जाता येतं. घाबरलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण आजचा दिवस फसला तरी गळ्यात वर्षाचा करार पडत नाही.

पहिल्या खेपेला व्यायाम न करता नुसतं पाहून यायलाही हरकत नाही. बूट कुठे बदलतात, लॉकर कुठे आहेत, यंत्रं कशी मांडली आहेत, एवढं डोळ्यांखालून गेलं तरी पुढच्या खेपेचं निम्मं नवखेपण सरतं. दुसऱ्या खेपेला तिथल्या कर्मचाऱ्याला 'हाजिमेते देस' म्हणजे 'पहिलीच वेळ आहे' एवढं सांगावं. जपानी येत नसली तरी या दोन शब्दांवर काम भागतं. कर्मचारी खुर्चीची उंची लावून दाखवतो, पिन कुठे घालायची ते दाखवतो. यंत्र वापरून झालं की ते पुसून ठेवायचं, हाही तिथला शिरस्ता. तालमीत वस्ताद पाहतो, तशी ही शिकवणारी नजर स्वतःहून मागून घ्यावी. तिच्यापुढे चुकण्यात कसलाही कमीपणा नाही.

छातीत दुखत असेल, रक्तदाब किंवा साखर जास्त असेल, साखर उतरवणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यकच. इन्सुलिन आणि काही गोळ्यांसोबत व्यायाम झाला की साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि एवढं करूनही दारातून आत पाऊल पडत नसेल, तर चालायला कावासाकीलगतच्या तामा नदीचा बांध आहेच. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठातले हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांना तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या आठवड्यातून चार दिवस चालायला लावलं. पाच महिन्यांनी त्यांचे पाय बळकट झाले, दमसास वाढला आणि रक्तदाब उतरला. 2007 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचा सल्ला तर याहून सोपा आहे: आज जेवढी हालचाल करता, त्यात दहा मिनिटं वाढवा. बांधावर महिनाभर असं चाललेला माणूस जिमच्या दारात येतो तेव्हा त्याचा दम पहिल्यासारखा फुलत नाही, आणि धैर्यही वाढलेलं असतं.

नियमित व्यायामाने वजन फारसं उतरलं नाही तरी आतड्यांभोवतीची चरबी कमी होऊ शकते, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. वजनकाट्यालाही आतलं सगळं दिसत नाही, म्हणून रोज त्याच्यावर चढून स्वतःला नापास करू नये. त्याऐवजी एक छोटी वही ठेवावी: कोणतं यंत्र, पिन कितव्या वजनाला, किती वेळा. काट्यावरचा आकडा खाली यायला महिने लागतील. चळतीतली पिन मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक भोक खाली सरकेल. ती नोंद तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.